वाढवलेल्या आवाजाला लगाम

लोणावळ्याजवळच्या भुशीचे नाव आज महाराष्ट्रभर ठाऊक आहे ते पावसाळी सहलींमुळे. आषाढात तलाव भरतो, पाणी सांडव्यावरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते आणि मुंबई-पुण्याची माणसे त्यात भिजायला येतात. पण हे धरण सहलीसाठी बांधलेले नाही. १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ते बांधले, आपल्या वाफेच्या इंजिनांची तहान भागवण्यासाठी. बोरघाटाची लोहमार्गाची चढण १८६३ साली वाहतुकीला खुली झाली होती. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे आणि तेही काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट अशा उभ्या चढाने! इतक्या कष्टाला पाणीही तेवढेच लागणार.

आज मी तुम्हाला या भुशीच्या तळ्यापासून रेडिओच्या पोटापर्यंत घेऊन जाणार आहे. तळ्याचा आणि रेडिओचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो लगामाचा आहे. कोणतीही शक्ती वाढवणे हे अर्धेच काम असते. वाढवलेली शक्ती आपल्या मर्यादेत राहील, वेळेवर आवरली जाईल, हे पाहणे हे उरलेले अर्धे. हा लगाम माणसाला कसा सापडला, त्याची ही हकिगत.

प्रथम भुशीचा सांडवा बघू. तलाव काठोकाठ भरला आहे आणि पाऊस कोसळतो आहे. पाणी चढू लागले की सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी वाढते. आता गणिताच्या शिक्षकांना ठाऊक असेल की अशा सांडव्यावर पाण्याची जाडी दुप्पट झाली तर वाहून जाणारे पाणी दुप्पट होऊन थांबत नाही. ते पावणेतीनपटीच्याही थोडे वर जाते. म्हणजे पाणी जितके चढेल तितके ते स्वतःलाच अधिक जोराने खाली ओढते. पाऊस ओसरला की सांडवाही मंदावतो. दारावर कोणी माणूस उभा नाही, कोणी चाक फिरवत नाही. पातळीच पातळीची राखण करते.

जे घडले त्याचाच काही भाग मागे आणून, पुढे घडणाऱ्याला आवर घालायचा, याला इंजिनियर लोक ‘फीडबॅक’ म्हणतात. आपण त्याला ‘परतावा’ म्हणू. हा परतावा मूळ क्रियेच्या विरुद्ध लागला तर तो उलटा परतावा. तो लगामाचे काम करतो. तोच मूळ क्रियेला साथ देऊ लागला तर सुलटा परतावा, आणि मग तो चाबूक होतो.

वाफेच्या युगात हा लगाम लोखंडाचा होता. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास आपल्या इंजिनाला दोन जड गोळ्यांचा ‘गव्हर्नर’ लावला. इंजिनाबरोबर हे गोळे गरगर फिरतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात आणि एका दांड्याने वाफेची झडप थोडी मिटतात. वेग कमी झाला की आत येतात आणि झडप उघडते. घाटातल्या आगगाडीच्या इंजिनावर असा गव्हर्नर नसे. तिथे ड्रायव्हरचे डोळे आणि हात हाच परतावा. पण गिरण्यांतली, कारखान्यांतली जागेवरची इंजिने याच गोळ्यांच्या भरवशावर चालत.

आपल्या शेतकरी बांधवांना गव्हर्नर नवा नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली पुण्यात निघाला आणि विहिरीविहिरीवर डिझेल इंजिनांची फटफट सुरू झाली. चालत्या इंजिनाचा पट्टा मधेच निसटला तर काय होते, आठवा. ओझे उतरल्याबरोबर इंजिन एकदम भरधाव होऊ पाहते, पण क्षणात डिझेल तुटते आणि ते पुन्हा आपल्या ठेक्यावर येते. ते काम गव्हर्नरचे. आणि याच गव्हर्नरची कळ बिघडली, स्प्रिंग सैल झाली, दांडा अडकू लागला, की इंजिन हेलकावे खाऊ लागते. आता जोरात, आता मंद, पुन्हा जोरात. लगाम तर लावलेला आहे, मग घोडा असा का नाचतो?

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनियरांना छळत होता. गव्हर्नर जितका चलाख करावा, तितके काही इंजिन अधिक हेलकावे खाई. त्यावर १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने ‘गव्हर्नरांविषयी’ असा एक छोटा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. भुशीचे धरण उभे राहिले ते याच सुमारास. मॅक्सवेलने प्रश्न असा घातला: यंत्राच्या चालीत थोडा बिघाड झाला, तर तो आपोआप विरत जाईल की वाढत जाईल? याचे उत्तर कारागिराच्या अंदाजावर न सोडता समीकरणातून काढता येते, हे त्याने दाखवले. स्थैर्याच्या शास्त्राचा पाया असा घातला गेला.

त्यातले मर्म समजायला समीकरण नको. पाटाचे पाणी पुरे. समजा, पाटाच्या तोंडाशी पाटकरी आहे आणि शेपटाकडे एक शेतकरी आहे. शेतकऱ्याला पाणी कमी पडते. तो निरोप पाठवतो, ‘दार उघडा.’ पाटकरी दार उघडतो, पण ते पाणी शेपटाला पोचायला चार तास लागतात. तोवर शेतकरी धीर सोडतो आणि आणखी दोन निरोप धाडतो. पाटकरी दार सताड उघडतो. चार तासांनी शेतात पूर येतो! मग ओरड होते, ‘बंद करा.’ दार बंद होते, पण वाटेतले पाणी येतच राहते. आणि ते संपले की पुन्हा कोरड. पाटकरी प्रामाणिक आहे, शेतकरीही खरेच बोलतो आहे. दोघांचा हेतू पाणी सारखे ठेवण्याचा. तरीही पूर आणि कोरड यांचा फेरा थांबत नाही, कारण निरोप खरा असला तरी परिणाम उशिरा पोचतो, आणि प्रत्येक निरोपावर दार मात्र भलतेच फिरते. उशीर आणि उतावळेपणा एकत्र आले की उलटा परतावा सुलटा होऊन बसतो.

या उशिराचा अनुभव भुशीच्या परिसरातच विजेच्या कामालाही येतो. लोणावळा, वळवण या भागातल्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नळांतून सोडून टाटांनी वीज काढली. ते केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाण्याची ही उडी ५०० मीटरांहून अधिक आहे. अशा लांब नळात दार एकदम उघडले तर गंमत होते. नळातले सगळे जड पाणी लगेच वेग घेत नाही, दाब क्षणभर उतरतो, आणि हवी असते जास्त शक्ती तेव्हा मिळते कमी! दार एकदम मिटले तर दाब धाडकन वाढून नळ फुटण्याची भीती. म्हणून अशा केंद्रांतल्या गव्हर्नरला मुद्दाम थोडे सबुरीचे वळण लावावे लागते.

आता वाफ आणि पाणी सोडून आवाजाकडे वळू. साल १९२७. त्या वर्षी २३ जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी पुण्याजवळचे खडकी आणि तिकडे दौंड येथील बिनतारी केंद्रांतून इंग्लंडशी थेट संदेशांची देवघेव सुरू झाली. आवाज आणि संदेश लांब जाऊ लागले ते व्हॉल्व्हच्या बळावर. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली तीन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला होता. त्याच्या एका टोकाला कुजबुजीएवढी वीज द्यावी आणि दुसऱ्या टोकाला तिचा ललकार करून घ्यावा, हे त्याचे काम. म्हणून त्या मंडलाला ‘वर्धक’ म्हणायचे आणि आवाज किती पट झाला त्या आकड्याला त्याची ‘वाढ’. १९१५ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामधला टेलिफोन वाटेतल्या अशाच वर्धकांमुळे चालू झाला.

पण व्हॉल्व्ह हा लहरी नोकर. तापला की एक वागणार, जुना झाला की दुसरे. विजेचा दाब हलला की तिसरेच. शिवाय मोठा आवाज आला की तो वाकडा करून पुढे देणार. एकच वर्धक असता तर चालून गेले असते. पण लांबच्या तारेवर वर्धकांची रांग लागते, आणि रांगेत दोष गुणाकाराने वाढतात. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. शंभर वर्धक एकामागे एक आहेत आणि प्रत्येकाची वाढ फक्त एक टक्क्याने जास्त झाली, तर शेवटी आवाज २.७ पट होतो. प्रत्येकाची वाढ एक टक्क्याने घटली, तर शेवटी जेमतेम ३७ टक्के उरतो. एक टक्क्याची ही किंमत! अशा तारेवरून माणसाचे बोलणे शाबूत कसे पोचणार?

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा २९ वर्षांचा इंजिनियर या प्रश्नामागे काही वर्षे लागला होता. अधिक चांगला व्हॉल्व्ह बनवून भागेना. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी, म्हणजे आपले मुंबई केंद्र सुरू झाल्यावर अवघ्या दहा दिवसांनी, तो हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेतून कामावर चालला होता. तेव्हा त्याला उत्तर सुचले. जवळ कोरा कागद नव्हता, म्हणून हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने आकृती आणि समीकरणे लिहिली. उत्तर वॉटच्या गोळ्यांचेच होते: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक छोटा हिस्सा मागे आणायचा आणि आत येणाऱ्या आवाजातून वजा करायचा.

आता ही युक्ती आकड्यांत बघा. एक वर्धक आहे, त्याची वाढ १०,००० पट. बाहेर येणाऱ्या आवाजाचा शंभरावा हिस्सा आपण परत आणून वजा करतो. आत १ दिला. बाहेर सुमारे ९९ आले, असे धरा. त्याचा शंभरावा हिस्सा ०.९९०१, तो १ मधून वजा जाता ०.००९९ उरतात, त्यांना १०,००० ने गुणले की पुन्हा ९९. हिशेब जुळला. म्हणजे दहा हजारांच्या पैलवानाकडून आपण फक्त ९९ चे काम घेतले. केवढा तोटा, असे वाटेल. पण आता व्हॉल्व्ह म्हातारा झाला आणि त्याची वाढ निम्मी, ५,००० वर आली. हिशेब पुन्हा करा. उत्तर येते ९८. पैलवानाची ताकद अर्धी झाली आणि कामात एक टक्क्याचाही फरक पडला नाही! वर्धक आता व्हॉल्व्हच्या लहरीवर चालत नाही. परताव्याच्या मापावर चालतो, आणि ते माप साध्या, टिकाऊ भागांचे असते. वाकडेपणाही त्याच हिशेबाने सुमारे शंभरपट कमी होतो. मघाच्या शंभरांच्या रांगेत प्रत्येक व्हॉल्व्ह एक टक्का हलला, तरी शेवटी आवाज एक टक्काच हलेल.

दुसरा लाभ आवाजाच्या पट्ट्याचा. तबल्याच्या डग्ग्याची कंपने सेकंदाला थोडी, बासरीच्या वरच्या सुराची पुष्कळ. वर्धक जेवढ्या कंपनांपर्यंत नीट काम करतो, तेवढा त्याचा पट्टा. इंजिनियर त्याला ‘बँडविड्थ’ म्हणतात. समजा, आपल्या वर्धकाची १०,००० ची वाढ सेकंदाला १०० कंपनांपर्यंतच टिकते आणि त्यापुढे सारखी उतरत जाते. डग्गा घुमेल, पण बासरी बुडेल. परतावा लावला की वाढ ९९ होते, मात्र तीच आता १०,१०० कंपनांपर्यंत टिकते. दोन्ही वेळा गुणाकार करून बघा, दहा लाखच येतात. जणू घरात धान्य दहा लाख माप आहे; उंच रास घाला नाहीतर अंगणभर पसरा. उंची आणि पसारा दोन्ही एकदम मिळत नाहीत.

इतकी उपयोगी युक्ती लोकांनी डोक्यावर घेतली असेल, असे वाटते ना? तसे झाले नाही. ब्लॅकने १९२८ साली पेटंटाचा अर्ज केला आणि पेटंट मिळाले १९३७ साली. मोठ्या कष्टाने मिळवलेली वाढ कोणी शहाणा माणूस फेकून देईल, यावर जाणत्यांचाही विश्वास बसेना. इंग्लंडच्या पेटंट कचेरीने तर हा अर्ज न थांबता चालणाऱ्या यंत्राच्या अर्जासारखा वागवला, असे ब्लॅकने पुढे लिहून ठेवले आहे.

त्यांच्या शंकेला आधार होता, हेही सांगितले पाहिजे. जत्रेत किंवा ग्रामसभेत माईक लावला आणि कर्ण्याने अचानक कर्कश शीळ घातली, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून निघतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. हा सुलटा परतावा. कोणी बोलत नसतानाही यंत्र आपले आपणच ओरडू लागते. मग माईकवाला धावत येऊन आवाज कमी करतो किंवा कर्ण्याचे तोंड फिरवतो. आता, उलटा परतावा असा ओरडणार नाही ना? दुर्दैवाने ओरडू शकतो. पाटकऱ्याची गोष्ट आठवा. वर्धकातून वीज फिरून यायला थोडा वेळ लागतो. मंद कंपनांना तो उशीर जाणवत नाही. पण कंपने वाढत गेली की तोच उशीर त्यांच्या अर्ध्या फेऱ्याएवढा होतो. मग वजा व्हायला आलेला आवाज नेमका बेरजेच्या वेळी पोचतो. त्या वेळी फिरून आलेला आवाज मूळ आवाजाएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर शीळ ठरलेली.

ही मर्यादा नेमकी कुठे, हे हॅरी नायक्विस्टने १९३२ साली दाखवले. वर्तुळ जोडण्यापूर्वीच, प्रत्येक कंपनाला फिरून येणारा आवाज किती मोठा आणि किती उशिरा आहे हे मोजावे, कागदावर त्याची वक्ररेषा काढावी, आणि मंडल स्थिर राहील की ओरडेल ते आधीच सांगावे, अशी ही रीत आहे. पुढे त्यांच्या सहकारी हेंड्रिक बोडने आणखी एक गोष्ट पक्की केली. वाढ किती झपाट्याने उतरते आणि उशीर किती होतो, या दोन्ही एकमेकींशी बांधलेल्या आहेत. वाढ कड्यासारखी तुटली की उशीर मोठा. उतार सौम्य ठेवला तर उशीर आटोक्यात.

मग उपाय काय? उपाय भुशीला आहे. पाटावर फेरा होतो, सांडव्यावर का होत नाही? कारण भुशीला एकच मोठा साठा आहे आणि त्याचा लगाम त्याच्या ओठाशीच आहे. पाणी चढले त्याच क्षणी सांडवा वाढला. निरोप जाण्यायेण्यात वेळ नाही. विजेच्या मंडलात तळ्याचे काम कपॅसिटर करतो, कारण तो वीज साठवतो. वर्धकात असे नकळत झालेले लहानलहान साठे पुष्कळ असतात आणि प्रत्येक जण थोडा उशीर लावतो. तेव्हा इंजिनियर मुद्दाम एक साठा इतरांहून खूप मोठा ठेवतात, म्हणजे सारे मंडल एका तळ्यासारखे वागते. इतर साठ्यांचा उशीर अंगावर येण्याच्या आतच वाढ सौम्य उताराने एकाच्या खाली आलेली असते. ओरडायला बळच उरत नाही.

१९६८ साली, म्हणजे मॅक्सवेलच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीने ‘७४१’ नावाचा वर्धक बाजारात आणला. नखाएवढ्या तुकड्याच्या आत सगळे मंडल. त्याआधीच्या, १९६५ च्या ‘७०९’ ला स्थिर ठेवायला बाहेरून भाग जोडावे लागत. ७४१ मध्ये ३० पिकोफॅरडचे तळे आतच बांधलेले होते. त्याची मोकळी वाढ सुमारे दोन लाख, पण ती सेकंदाला पाचएक कंपनांपर्यंतच. परतावा लावून वाढ १०० केली की पट्टा सुमारे १०,००० कंपनांचा. १० केली की सुमारे एक लाखाचा. गुणाकार पुन्हा दहा लाखांच्याच घरात. तळे मोठे असले की पातळी सावकाश हलते. स्थैर्याची किंमत वेगात मोजावी लागते, ती इथेही चुकली नाही.

भुशीवरून जाणारी गाडी आता वाफेवर चालत नाही. कल्याण-पुणे मार्ग १९२९ सालीच विजेवर गेला. ज्या कामासाठी तळे बांधले ते काम संपले. सांडव्याचा नियम मात्र गव्हर्नरात, खोपोलीच्या चाकांत, टेलिफोनच्या तारेत आणि रेडिओच्या वर्धकात तसाच चालत राहिला.

शिक्षकांना एक सुचवतो. पुढच्या वेळी शाळेच्या कार्यक्रमात कर्णा शीळ घालील तेव्हा मुलांना नुसते हसू देऊ नका. माईकवाल्याला दोन मिनिटे थांबवा, माईक कर्ण्याजवळ न्या, मग दूर न्या, आवाज थोडा चढवा, थोडा उतरवा, आणि शीळ नेमकी केव्हा सुरू होते आणि केव्हा विरते ते मुलांना टिपून घेऊ द्या. मग फळ्यावर ते ९९ आणि ९८ चे गणित मांडा. आणि शेतकरी बंधूंनो, पाटाच्या दाराशी किंवा इंजिनापाशी उभे असाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: दुरुस्ती थोडी करावी, वेळेवर करावी, आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरी करू नये. उशिरा आणि जोराने केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.